‘नाय’ म्हणणारा शेतकरी

नॉर्वेजियन भाषेतला नकार कानाला आपल्या कोकणातल्या ‘नाय’सारखाच लागतो. एकोणिसाव्या शतकात तिथल्या संसदेतल्या एका शेतकऱ्याला यावरूनच टोपणनाव पडलं. सोरेन योबेक (१८१४–१८९४) हा दक्षिण नॉर्वेतल्या मांडालजवळचा. त्याच्या आडनावाची सुरुवात लिहिताना ‘हो’ या अर्थाच्या शब्दासारखी दिसते. लोकांनी ती उलटवून त्याला ‘नायबेक’ केलं, कारण खर्चाचा प्रस्ताव आला की याचं उत्तर ठरलेलं. पेन्शन? नाही. कलावंतांना अनुदान? नाही. १८४५पासून चार दशकांहून अधिक काळ तो हेच सांगत राहिला.

मला हा माणूस आधी फार आवडला. देशाचा कारभार तेव्हा शिकलेल्या बड्या अधिकाऱ्यांच्या हाती होता. हे पैसे येतात कुठून, हे त्यांना एका शेतकऱ्याने तोंडावर विचारणं ही साधी गोष्ट नव्हती. १८६५ साली त्याने शेतकरीमित्र संघटनांची सुरुवात केली, वर्तमानपत्र चालवलं. सार्वजनिक पैसा हा कुणाच्या तरी घामाचा असतो, हे तो कधी विसरला नाही. काटकसर ही त्याच्या लेखी नीतीच होती.

पण एक गोष्ट मला खटकत राहते. १८१४च्या राज्यघटनेने जमीनधारक शेतकऱ्याला मत दिलं. त्याच्याच बांधावर झोपडी बांधून राबणाऱ्या कुळाला बहुधा नाही. सर्व पुरुषांना मताधिकार मिळाला तो १८९८ साली, योबेक गेल्यानंतर. म्हणजे कर भरणाऱ्याच्या वतीने ‘नाही’ म्हणणारा संसदेत होता. त्या नकाराची झळ ज्याला लागू शकते, पण ज्याला मतच नाही, त्याच्या वतीने कोण होतं?

हा प्रश्न मी योबेकला विचारतो आहे खरा, पण तो माझ्याच अंगावर येतो. आमच्या सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय निघाला तेव्हा मी विरोधात हात वर केला होता. ‘एवढा खर्च कशाला?’ मी पहिल्या मजल्यावर राहतो. चौथ्या मजल्यावरच्या आजी सभेला आल्या नव्हत्या. जिने उतरणं त्यांना जमत नाही.

योबेकचा नकार निदान त्याच्या स्वतःच्या कष्टातून आलेला होता. माझा कशातून आला होता, हे मी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही. पुढच्या सभेत विषय पुन्हा येणार आहे. हात वर करण्याआधी एकदा चौथ्या मजल्यावर जाऊन यायचं ठरवलं आहे.