शंकेचे मोल

खामगावच्या पेठेत चांदी घ्यायला आलेला माणूस आधी वस्तू हातावर तोलून पाहतो आणि मग दुकानदाराच्या तोंडाकडे पाहतो. चांदीचा कस आपल्या डोळ्यांना कळणारा नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तो चांदीवर नव्हे, तर तीन पिढ्यांच्या दुकानावर विश्वास टाकतो. यात त्याचा भोळेपणा नाही. आपण सारेच जगातल्या बहुतेक गोष्टी याच रीतीने खऱ्या मानीत असतो. सांगणारा विश्वासाचा, म्हणून गोष्ट खरी! पंचाईत होते ती सांगणारा नवा असला म्हणजे.

माझा व्यवसाय प्रयोगशाळेतला. दिवाळीच्या फराळाशेजारी थुंकीच्या तपासणीची गोष्ट काढतो आहे, याबद्दल गृहिणींनी क्षमा करावी. पण हा विषय माझ्या मनात बरीच वर्षे घोळतो आहे, आणि तो केवळ थुंकीचा नाही.

रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जगापुढे मांडला तो २४ मार्च १८८२ रोजी. तेव्हापासून शंभर वर्षांहून अधिक काळ आमची मुख्य रीत एकच. रोग्याची थुंकी काचपट्टीवर पसरायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काड्या शोधीत बसायचे. रीत स्वस्त आणि गुणाची. पण तिची एक उणीव आहे. एक मिलिलिटर थुंकीत पाच ते दहा हजार जंतू असल्याखेरीज ते काचेवर सहसा सापडत नाहीत. त्याहून कमी जंतू असलेला माणूस खोकत असतो, वाळत असतो आणि कागदावर निरोगी असतो. जंतू वाढवून पाहण्याची पद्धत याहून पुष्कळ बारीक. पण जुन्या घट्ट माध्यमावर तिला सहा ते आठ आठवडे लागतात.

मग नवे यंत्र आले. ते जंतू पाहत नाही. जंतूच्या जनुकातला एक नेमका तुकडा शोधते आणि त्याच्या लाखो प्रती काढून ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगते. शिवाय रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध लागू पडेल की नाही, तेही सांगते. हे सारे दोन तासांत! डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, काचपट्टीला न सापडलेल्या पण खऱ्या क्षयरोग्यांपैकी शेकडा ७२ जण या यंत्राने एकाच तपासणीत ओळखले होते. पुढे गोव्यात वेर्ण्याला तयार होणारे, बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट आले आणि २०२० मध्ये त्यालाही तशीच मान्यता मिळाली. आमच्याकडच्या उन्हाळ्यात आणि विजेच्या लहरीत बॅटरीचे मोल काय, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको.

असे यंत्र गावातल्या एका रुग्णालयात मांडण्याचे काम माझ्याकडे आले. डॉक्टर मंडळी सौजन्याने जमली, चहा प्याली आणि कोणीही विश्वास ठेवला नाही.

त्यांच्यातल्या थोरल्या डॉक्टरांचा मला आजही आदर वाटतो. ते म्हणाले, “काचेवरचा जंतू मी स्वतः पाहू शकतो. तुमचे यंत्र मला काही दाखवत नाही, नुसते सांगते. उद्या ते चुकीचे बोलले तर मी कोणाला विचारू?” प्रश्न अगदी रास्त होता. त्यामागे गणितही होते. समजा, हजार माणसांत दहाच रोगी आहेत आणि निरोग्यांपैकी शंभरात एकाला तपासणी चुकून रोगी ठरवते. मग नऊशे नव्वद निरोग्यांतून दहाएक जण नाहक रोगी ठरतील. म्हणजे ‘आहे’ असे उत्तर मिळालेल्यांतला निम्मा वाटा खोटा. तीच तपासणी महिनाभर खोकणाऱ्या, वजन उतरलेल्या माणसांवर करा. तिचे बोलणे कितीतरी अधिक खरे ठरते. तपासणी तीच, पण तिच्या उत्तराचा अर्थ रोगी समोर बसल्यावर ठरतो. डॉक्टरची शंका म्हणजे पुष्कळदा हे न मांडलेले गणितच असते.

तेव्हा शंका हा गुण आहे, हे मला मान्य. माझी तक्रार निराळी आहे. शंका घेणारा जुन्या पद्धतीवर तेवढीच शंका का घेत नाही? नव्या यंत्राची एक चूक गावभर होते. काचपट्टीने घरी धाडलेल्या माणसांची मोजदाद कोणी ठेवीत नाही, कारण ती माणसे पुन्हा त्याच दारात येतीलच असे नाही. रक्तावरून क्षय ओळखण्याच्या तपासण्या आपल्या देशात वर्षानुवर्षे खपत होत्या. त्यांच्या निकालाला धरबंध नव्हता. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका म्हणून स्पष्ट सांगितले आणि जून २०१२ मध्ये सरकारने त्यांवर बंदी घातली. माझ्या यंत्राकडे भुवया उंचावून पाहणाऱ्यांपैकी काहींनी त्या चिठ्ठ्या निमूटपणे मानल्या होत्या. मग ती शंका होती की नुसती सवय?

येथे रोनाल्ड रॉसची आठवण होते. लाव्हेरानने १८८० मध्ये हिवतापाचा जंतू रक्तात पाहिला, तरी हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या रॉसला तो कित्येक वर्षे पटला नाही. त्याने तसे लिहिलेही. १८९४ मध्ये लंडनला मॅन्सनने त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवून तो जंतू दाखवला. त्यानंतर तीनच वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत डासाच्या पोटात तो शोधून काढणारा हाच रॉस! हा शंकेखोर दुर्बिणीला डोळा लावायला तयार होता. खुर्चीतून न उठणारी शंका निराळी.

आता मुख्य गोष्ट. सरकीच्या धुळीत काम करणारी एक बाई आमच्याकडे आली. दोन महिन्यांचा खोकला, कडेवर पोर. काचपट्टी म्हणाली, नाही. यंत्र म्हणाले, आहे. डॉक्टरांनी औषध सुरू केले नाही; थुंकी बाहेरगावी जंतू वाढवण्यासाठी पाठवली. त्यांची बाजूही नीट पाहिली पाहिजे. सहा महिन्यांचे औषध म्हणजे काही खडीसाखर नव्हे. ते यकृताला बाधू शकते. आणि गावात बाईच्या नावामागे ‘टीबी’ लागला म्हणजे सासर-माहेर दोन्हीकडची दारे कशी लोटली जातात, ते मी पाहिले आहे. चुकीच्या ‘आहे’ची किंमतही तिलाच द्यावी लागली असती.

दोन्ही कागद हातात घेऊन ती माझ्या खिडकीशी आली. “साहेब, एक कागद हो म्हनते, एक नाई म्हनते. मले हाये का नाई, तेवढं सांगा ना बाप्पा!”

जंतू वाढले. निकाल यायला सहा आठवडे गेले. तेवढ्यात ती घरीच होती. त्याच खोलीत, त्याच पोराशेजारी. पुढे औषधाने ती बरी झाली. पोराचे मात्र तपासून घ्यावे लागले आणि त्यालाही औषध द्यावे लागले. डॉक्टरांची शंका प्रामाणिक होती. पण तिचा खर्च त्यांच्या खिशातून गेला नाही, माझ्याही गेला नाही. शंका घ्यायची एकाने आणि तिचे व्याज भरायचे दुसऱ्याने, हा व्यवहार आमच्या कापसाच्या बाजारात कोणी चालू देणार नाही. रुग्णालयात तो रोज चालतो, आणि त्यात कोणी दुष्ट नसतो.

मग काय करायचे? विश्वासाची सक्ती करता येत नाही. आम्ही एवढेच ठरवले की तीन महिने प्रत्येक नमुना दोन्ही रीतींनी तपासायचा, निकाल एकाच वहीत शेजारी शेजारी लिहायचे, आणि जेथे ते जुळत नाहीत तेथे वाट पाहण्याची मुदत रोग्याची अवस्था पाहून त्याच दिवशी ठरवायची. घरात लहान मूल असेल तर तेही वहीत लिहायचे. शंका राहो, पण तिला तारीख असो.

वहीने डॉक्टरांना यंत्राकडे वळवले, हे खरे. पण एकदा तिने त्यांचीही बाजू राखली. एका गृहस्थाचा निकाल यंत्राने ‘आहे’ दिला. डॉक्टरांनी चौकशी केली तर त्याने दोनच वर्षांपूर्वी औषधाचा पूर्ण क्रम घेतलेला. “हे मेलेल्या जंतूंचे अवशेष असतील,” ते म्हणाले. जंतू वाढवून पाहिले. काही वाढले नाही. यंत्राला जिवंत-मेलेला हा भेद कळत नाही. म्हणूनच औषध चालू असताना रोगी सुधारतो आहे की नाही हे पाहायला अजूनही काचपट्टी आणि जंतूंची वाढ हीच साधने वापरतात.

त्या दिवसापासून डॉक्टरांनी एक हट्ट धरला. नमुन्याबरोबरच्या अर्जात ‘पूर्वी क्षयाचे औषध घेतले होते काय?’ असा रकाना आधीपासून छापलेला होता. भरीत मात्र कोणी नसे. आता तो कोरा असला तर आमचा खिडकीवरचा पोरगा नमुना घेत नाही. शेगावकडून आलेला म्हातारा असो की नांदुऱ्याची लेकुरवाळी, तो आधी मोठ्याने विचारतो, उत्तर लिहितो आणि मगच डबी हातात घेतो.