चेहऱ्यापासूनचें अंतर

माणसाचें छायाचित्र काढतांना खरें किती सांगावें, हा प्रश्न वरवर कारागिरीचा वाटतो. परंतु व्यक्तिचित्रासाठीं भिंग निवडूं लागलेल्या मनुष्यास तो लवकरच नीतीच्या उंबरठ्यावर आणून उभा करितो. फिल्मचे जुने कॅमेरे वापरणाऱ्यांच्या बैठकींत ८५ मिलिमीटरचें भिंग घ्यावें, कीं १०५ चें, कीं १३५ चें, हा वाद हटकून निघतो. आणि लांब भिंग चेहरा बिघडवीत नाहीं, हें त्यावरील उत्तरही ठरलेलें असतें. वस्तुतः चेहऱ्याची ठेवण बदलते ती अंतरामुळें. भिंग बिचारें त्यांत निर्दोष असतें. नाकाच्या शेंड्यापासून कान १२ सेंटिमीटर मागें धरला, तर ३० सेंटिमीटरांवरून पाहणाऱ्यास कानाच्या मानानें नाक ४० टक्के मोठें दिसतें. दोन मीटरांवरून हाच फरक ६ टक्क्यांवर येतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर डोकें व खांदे भरून घ्यावयाचे, तर ५० च्या भिंगास माणसाच्या एका मीटरच्या आंत शिरावें लागतें, १०५ च्या भिंगास जवळजवळ दोन मीटर मागें सरावें लागतें.

मग खरा चेहरा कोणत्या अंतरावरचा? ज्याला आपण नैसर्गिक म्हणतों, तो बैठकींत आलेल्या पाहुण्यास दिसणारा चेहरा होय. मांडीवरच्या मुलास आईचें नाक मोठेंच दिसतें, आणि त्या मुलाचें पाहणें खोटें आहे असें म्हणण्याचें धाडस कोण करील? प्रत्येक अंतराला त्याचें त्याचें सत्य आहे. मात्र तें अंतर आपणांस कोणी दिलें, हें विचारावयास हवें.

दुसरा प्रश्न मृदुतेचा. व्हिएन्नांतील गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्सव्हाल यांनीं १८४० मध्यें व्यक्तिचित्रासाठीं भिंग रचलें. तें तत्कालीन भिंगांहून कितीतरी अधिक प्रकाश आंत घेई. पण त्याचा मध्य रेखीव आणि कडा विरघळलेल्या. हा दोष लोकांना आवडूं लागला. १८६६ मध्यें डॉलमायर यांनीं मागची कांच फिरवून हवी तेवढी अस्पष्टता आणणारें भिंग केलें. १९३५ मध्यें लायट्झ कंपनीचें ९० मिलिमीटरचें थांबार निघालें. मधोमध ठिपका असलेली कांच त्याच्यापुढें बसविली, कीं मधले नेमके किरण अडतात आणि कडेच्या किरणांचा विस्कळितपणा चेहऱ्यावर पसरतो. मुद्दाम जोपासलेला हा दोष म्हणजे असत्य काय? मला तसें वाटत नाहीं. सर्व चित्रावर सारखें पसरलेलें धुकें आपण धुकें आहों हें लपवीत नाहीं. उलट निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून एकच व्रण पुसावयाचा, व बाकीचा केसन् केस रेखीव ठेवावयाचा, यांत त्या रेखीवपणाची पत वापरून खोटें खपविलें जातें. स्थळें पाहतांना पाठविलेल्या छायाचित्रांनीं आपल्याकडे किती मुलींना हा अपमान सोसावयास लावला आहे! पुढें प्रत्यक्ष पाहणारा निराश होतो, आणि दोष मात्र मुलीच्या चेहऱ्याला लागतो.

तरी रेखीव भिंग हातीं असलें म्हणजे सत्य हातीं आलें, असेंही नव्हे. १९८४ मध्यें पेशावरनजीकच्या निर्वासितांच्या छावणींत स्टीव्ह मॅकरी यांनीं निकॉन एफएम२ व १०५ मिलिमीटर, एफ २.५ च्या निक्कोर भिंगानें एका अफगाण मुलीचें चित्र घेतलें. जून १९८५ च्या नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर तें झळकलें. फाटक्या ओढणीचा धागा न् धागा त्यांत दिसतो. पण ती शरबत गुला आहे, हें जगास २००२ मध्यें कळलें. परक्या पुरुषानें चित्र काढल्याचा आपणांस राग आला होता, असें तिनें तेव्हां सांगितलें. भिंगाच्या हिशेबानें अंतर अदबीचें होतें. तिच्या हिशेबानें नव्हतें.

राहिली बॉडीची गोष्ट. लोक आधीं बॉडी घेतात व मग तीस भिंग शोधतात. हा क्रम उलटा आहे. माउंटपासून फिल्मपर्यंतचें अंतर निकॉनमध्यें ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईओएसमध्यें ४४, तर जुन्या एफडी माउंटांत ४२. म्हणून निकॉनचें भिंग मधें रिंग घालून ईओएसवर चालतें; एफडीचें भिंग निकॉनवर साध्या रिंगेनें बसविलें, तर त्याला दूरचें दिसतच नाहीं. घरोब्यांतही भांडणें आहेत : १९७७ पूर्वीचें, न बदललेलें निक्कोर एफएम२ वर चढवूं नये, तेथील खुंटी दुखावते, १९७७ च्या एफएमची खुंटी मात्र वर दुमडतां येते.

परंतु माझी निवड दुसऱ्याच कारणानें ठरते. लायकाच्या रेंजफाइंडरमध्यें थांबारची मृदुता दिसत नाहीं. चेहऱ्याचें आपण काय केलें, हें फिल्म धुतल्यावर कळतें. आरशाच्या कॅमेऱ्यांत तें बऱ्याच अंशीं आधींच डोळ्यांपुढें असतें. कळ दाबण्याच्या क्षणीं आरसा वर जाऊन चेहरा क्षणभर नाहींसा होतो, हें त्याचें उणें मला पत्करतें. म्हणून घरच्या माणसांचीं चित्रें काढूं पाहणाऱ्यास मी जुनें १०५ आणि तें एफएमच सुचवितों.