1 जूनचा वाढदिवस

माझा भाचा मालवाहू जहाजाच्या इंजिन-खोलीत कामाला आहे. यंदाच्या 1 जूनला त्याचा फोन आला. जहाजावर त्याचा वाढदिवस झाला होता. फिलिपिनो स्वयंपाक्याने केक केला, पाळी संपलेले सगळे जेवणाच्या खोलीत जमले, कप्तानाने येऊन हात मिळवला. एवढे सांगून तो म्हणाला, "मामू, केक अच्छा था, पन तारीख झूटी थी."

ती खोटी तारीख शाळेच्या रजिस्टरात लिहिणारा मीच.

मराठवाड्यातल्या वाचकाला 1 जूनची गोष्ट समजावून सांगायला नको. आमच्याकडे जन्म लक्षात राहत तो एखाद्या घटनेवरून. कुणी पोलीस ॲक्शनच्या आधीचा, कुणी बहात्तरच्या दुष्काळातला. नाव दाखल करताना गुरुजी तारीख विचारत, आई-बाप एकमेकांकडे पाहत, आणि रजिस्टरात 1 जून पडे. मीही शिक्षक होतो. अशा कितीतरी तारखा माझ्या अक्षरात आहेत. पण भाच्याची खरी तारीख मला पक्की ठाऊक होती: 30 सप्टेंबर 1993.

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आमचे गाव तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, सास्तूरच्या परिसरात. मध्यरात्रीनंतर तिला मुलगा झाला आणि पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. दगडमातीच्या भिंती आणि त्यांच्यावर माळवदाचे ओझे. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. बाळंतिणीला अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवले होते, म्हणून ती, अम्मी आणि बाळ वाचले. घरात झोपलेले अब्बा आणि माझा धाकटा भाऊ वाचले नाहीत.

मुलाला शाळेत घालताना बहीण म्हणाली, "भाईजान, वो तारीख मत लिखो." मी लिहिली नाही. पुढे 1 जून हीच तारीख दाखल्यावर, पासपोर्टवर आणि जहाजाच्या खलाशी-यादीत गेली. घरात त्याचा वाढदिवस कधीच झाला नाही.

आता त्याने मला विचारले, "30 सप्टेंबरला खरा वाढदिवस केला तर चालेल का?" कित्येक दिवस मला उत्तर देता आले नाही.

मुळात वाढदिवस करावा का, यावर आपल्यात दोन मते आहेत. कुणी ती परक्यांची नक्कल मानतात, कुणी केवळ रिवाज. हा वाद मिटवण्याचा अधिकार माझा नाही. मात्र पैगंबरसाहेब सोमवारी रोजा ठेवत आणि आपला जन्म त्या दिवशीचा असल्याचे त्यांनी सांगितले, असे हदीसमध्ये येते. म्हणजे जन्माची आठवण आपल्याला परकी नाही. फक्त तिथे ती मिरवण्यातून नव्हे, तर भूक सोसून मानलेल्या शुक्रातून येते.

दुसरा प्रश्न तारखेचा. तारीख खोटी, म्हणून तो आनंदही खोटा का? भाच्यानेच एक प्रसंग सांगितला होता. जहाज अमेरिकेहून जपानकडे निघाले होते. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना कॅलेंडरातला एक दिवस गळाला आणि नेमका तोच एका सोबत्याचा वाढदिवस होता. स्वयंपाक्याने केक दुसऱ्या दिवशी केला. चौदाव्या शतकात सीरियातले भूगोलज्ञ अबुल फिदा यांनी लिहून ठेवले आहे की, पृथ्वीला उलटसुलट दिशांनी फेरी घालून आलेले दोघे आणि जागीच थांबलेला तिसरा, या तिघांच्या दिवसांच्या मोजणीत एकेका दिवसाचा फरक पडेल. आपले हिजरी वर्षही इंग्रजी वर्षाहून अकराएक दिवसांनी लहान. तारीख ही माणसांनी मोजणीसाठी धरलेली खूण आहे. स्वयंपाक्याला जपायची होती ती खूण नव्हे. जहाजावर माणसाला बहुधा हुद्द्याने हाक मारतात. चार तास काम, आठ तास सुट्टी, महिनोन्‌महिने घर नाही. तिथे एक संध्याकाळ त्याला त्याच्या नावाने बोलावले जाते. तू इथे आहेस याचा आम्हाला आनंद आहे, एवढेच त्या केकमध्ये सांगायचे असते. ते 1 जूनलाही खरेच होते.

पण म्हणून माझे लिहिणे खरे ठरत नाही. मी कुणाला फसवले नाही, अशी समजूत मी घालून घेतली होती. पण एका मुलाला मी हे शिकवले की, तुझा जन्म लपवण्यासारखा आहे.

खरी अडचण तिसऱ्या प्रश्नात होती. ज्या दिवशी अब्बा गेले, त्या दिवशी आनंद कसा करायचा? अल्लाहने याला वाचवले असे म्हणावे, तर अब्बांनी आणि भावाने काय केले होते? या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि जे ते पटकन देतात त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. एवढे मात्र मला कळले की, शुक्र म्हणजे हिशेब नव्हे. कोण का वाचला, हे ठाऊक नसतानाही वाचलेल्याबद्दल शुक्र मानता येतो. त्याने गेलेल्यांचा हक कमी होत नाही. बाळाला बाहेर ठेवले होते, म्हणून बहीण आणि अम्मी बाहेर होत्या. त्याच्या जन्माने कुणी मेले नाही. झाले असेल तर उलटेच.

मी त्याला कळवले की 1 जूनचा केक सोबत्यांचा आहे, तो प्रेमाने खा. 30 सप्टेंबरला मात्र तू त्यांना काहीतरी खाऊ घाल, आणि का, तेही सांग. प्रवासातल्या सोबत्याचा हक कुरआनने शेजाऱ्याच्या आणि मुसाफिराच्या हकाबरोबर सांगितला आहे, असे अनेक भाष्यकार मानतात.

त्याने स्वयंपाक्याच्या मदतीने जर्दा केला. सर्वांना वाढला, भूकंपाचे सांगितले. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग एकेकाने आपापल्या घरातल्या गेलेल्यांची नावे सांगितली.

इकडे बहिणीने दरवर्षीप्रमाणे अब्बांची आणि भावाची फातेहा दिली. भांडी आवरताना तिने प्रथमच मला विचारले, "आज किती वर्षांचा झाला गं आपला पोरगा, भाईजान?" मी 30 सप्टेंबरपासून मोजून सांगितले.