स्वभावाला औषध नाही, मग दोष कुणाचा?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



कुठल्याही भयंकर गुन्ह्याची बातमी आली की आपल्या ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज येतात. एक म्हणतो, असल्या राक्षसाला भर चौकात फाशी द्या. दुसरा म्हणतो, डोक्याने आजारी असेल बिचारा, त्याचं प्रारब्ध. सत्संगानंतर चहाच्या वेळीही हाच वाद निघतो. जो स्वभाव माणसाने स्वतः निवडला नाही, त्या स्वभावातून घडलेल्या कर्माचा दोष त्याला लावायचा की नाही? या अंकात आपण जरा शांतपणे याचा विचार करू.

आधी एक गल्लत दूर करू. मनाचा आजार आणि व्यक्तिमत्त्व विकार हे एक नाहीत. आजारात माणसाचं भान सुटतं. नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले शत्रू दिसतात. मुंबईतल्या रमण राघवचं उदाहरण मोठ्यांना आठवत असेल. १९६८ साली त्याला पकडलं, त्याला फाशीची शिक्षा झाली, पण मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने तपासल्यावर तो दीर्घकाळच्या मनोविकाराने ग्रासलेला आहे असं निघालं, आणि १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेवर आणली. व्यक्तिमत्त्व विकारात मात्र भान शाबूत असतं. वाकडी असते ती माणसाची घडण. दुसऱ्याच्या दुःखाचं काहीच न वाटणं, सराईत खोटं बोलणं, प्रत्येकावर संशय, किंवा सगळं जग आपल्याभोवतीच फिरावं हा हट्ट. ही घडण तरुणपणापासून दिसते, वर्षानुवर्षं टिकते, घरी-दारी सगळीकडे तशीच असते. एखाद्या दिवशीचा राग म्हणजे विकार नव्हे.

कायदा हीच रेघ धरून चालतो. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ८४ होतं, जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम २२ आहे. तिथे एवढंच विचारतात, की कृत्य करताना आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का, आणि ते चूक किंवा बेकायदा आहे हे कळत होतं का? आपल्याच राज्यातल्या हरिसिंह गोंड खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरी वेड आणि कायद्यातलं वेड यांतला फरक सांगितला. डॉक्टरांनी निदान दिलं म्हणजे माणूस सुटला, असं नाही. ज्याने पुरावा लपवला, कपडे बदलले, गाव सोडलं, त्याला चूक-बरोबर कळत होतं हे उघड आहे.

तुरुंगात असे विकार किती आढळतात, याचा एक मोठा आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला. १२ देशांतल्या ६२ पाहण्या, सुमारे २३ हजार कैदी. पुरुष कैद्यांपैकी ६५ टक्क्यांत कुठला ना कुठला व्यक्तिमत्त्व विकार होता. पाहण्या बहुतेक पाश्चात्त्य देशांतल्या, हे लक्षात असू द्या. शिवाय आकडा उलटा वाचू नका. असा विकार असलेली बहुतांश माणसं कधीच गुन्हा करत नाहीत, कित्येक तर दुसऱ्यापेक्षा स्वतःलाच इजा करून घेतात. पण आकडा चटका लावतो हे खरं. विकार आहे म्हणून सुटका द्यायची ठरवली, तर तुरुंगाची बहुतेक दारं उघडावी लागतील.

मग करुणेला जागा कुठे? इथे आपल्याला इंदूरला जावं लागेल. जून २०११ मध्ये तिथल्या एका मराठी घरात भरदिवसा आजी, आई आणि लेक अशा तीन पिढ्यांतल्या तिघींचा लुटीसाठी खून झाला. आपल्यातल्या अनेकांचे नातेवाईक तिकडे राहतात, ती भीती अजून आठवते. पकडलेल्या तिघांत एक तरुणीही होती. तिघांना फाशी झाली, उच्च न्यायालयाने कायम केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा न्यायमूर्तींनी त्या तिघांचं तुरुंगातलं वागणं आणि मानसिक स्थिती यांचे अहवाल मागवले. २० मे २०२२ च्या निकालात दोष कायम राहिला, फाशी मात्र गेली आणि किमान २५ वर्षांची जन्मठेप आली. त्याच निकालात सगळ्या देशासाठी सांगितलं, की जिथे फाशी होऊ शकते अशा खटल्यात आरोपीची मानसिक तपासणी सरकारने खालच्या कोर्टातच पुढे ठेवावी. बालपण कसं गेलं, घरात मारहाण किंवा हेळसांड होती का, शिक्षण, गरिबी, एकटेपण, मनाचा काही त्रास, हे सगळं बघावं.

म्हणजे दोन खाती झाली. एक कर्माचं, ते पूर्ण वसूल. दुसरं माणसाचं, ते वाचल्याशिवाय शेवटचा हुकूम नाही. आम्हाला हा निकाल योग्य वाटतो. काही गुरुबंधूंना वाटत नाही, आणि त्यांचाही राग आम्हाला समजतो.

आपल्या हाटपिपल्याला ही दोन खाती नवी नाहीत. दर डोल ग्यारसला भमोरी नदीत नरसिंहाची पाषाणमूर्ती तरंगते ती आपण श्वास रोखून बघतो, किती वेळा तरंगली त्यावरून वर्ष कसं जाईल ते ठरवतो. पण कथा नीट आठवा. हिरण्यकशिपू मुळात वैकुंठाचा द्वारपाल, शापाने असुर झाला. म्हणजे घडण त्याने निवडलेली नव्हती. त्याच्या द्वेषाचं कारणही कथा लपवत नाही, त्याच्या भावाला वराहाने मारलं होतं. सगळ्यांनी मलाच देव म्हणा हा त्याचा हट्ट तर आजच्या डॉक्टरांच्या वहीत शोभेल. एवढं सगळं सांगूनही कथा त्याला सोडत नाही. आणि त्याच घरात, त्याच रक्ताचा प्रल्हाद वेगळा निघतो, म्हणजे रक्त हे काही सगळं ठरवत नाही.

भागवतात पुढे प्रल्हाद वर मागतो तो वडिलांच्या उद्धाराचा. ज्याने सगळ्यांत जास्त सोसलं त्यानेच हे मागितलं, हे बघा. सभेत बसलेल्या एकाही बघ्याने प्रल्हादाला सांगितलं नाही, की बाबा, आता क्षमा कर. इंदूरच्या त्या घरातल्या माणसांना क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला इथे बसून नाही.

आता घरातलं बोलू, कारण कोर्टापर्यंत जाणारे थोडे, घरात सोसणारे फार. नवरा मारतो, मग रडतो, पाया पडतो, पुन्हा मारतो, आणि सासरचे म्हणतात, स्वभावच आहे त्याचा, नामस्मरण कर. आम्हाला हे मान्य नाही. नाम तिला बळ देईल, पण नामाच्या आडून तिला मार खायला बसवणं ही सेवा नव्हे. मनातून द्वेष काढून टाकता येतो आणि तरीही माहेरी राहता येतं, थान्यात जाता येतं. दोन्हींत विरोध नाही. कुणी गुरूंचं नाव घेऊन, गोड बोलून लोकांना लुबाडत असेल, तर त्यालाही हाच नियम.

दुसरीकडे, रुसलेल्या जावेला आणि हट्टी भाच्याला ग्रुपवर ‘सायको’ म्हणणं बंद करू या. असं निदान फॉरवर्डवर होत नाही, आणि समाजविघातक विकाराचा शिक्का तर डॉक्टरसुद्धा १८ वर्षांच्या आत मारत नाहीत. पण लहान मूल मुक्या जनावरांना मुद्दाम छळत असेल, चोरी, आग लावणं, मारामाऱ्या सुरूच असतील, तर ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून बसू नका. स्वभावाला औषध नाही ही म्हण तितकीशी खरी नाही. गोळी नसेल, पण उपचार आहेत. मार्शा लिनेहन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या, क्षणात उसळणाऱ्या माणसांसाठी उपचारपद्धती बसवली, आणि २०११ मध्ये उघड सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः अशाच त्रासात इस्पितळात होत्या.

इंदूरला बाणगंगेत सरकारी मानसिक रुग्णालय आहे. सरकारची टेली मानस ही फोनसेवा १४४१६ वर विनामूल्य मिळते. कुणाला एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर सेवेकऱ्यांपैकी कुणालाही सांगा, सोबत येतील, नाव बाहेर जाणार नाही.

जय गुरुदेव.