पूर्वग्रह आणि न केलेला गुन्हा

'पूर्वग्रह' या संज्ञेतील 'पूर्व' हे पद काहीसे फसवे आहे. पूर्वग्रह भूतकाळातून येतो हे खरे. परंतु त्याचा सारा व्यापार चालतो तो भविष्यकाळात. अमुक एक माणूस उद्या काय करील, याचा तो आगाऊ दिलेला निकाल असतो. म्हणूनच त्याचा सर्वाधिक भार तरुणांवर पडतो. निकाल लावण्याजोगे आयुष्य अद्याप शिल्लक असते ते त्यांचेच.

नरखेड तालुक्यातील एखादी संत्राबाग कल्पनेत आणू. मृग बहाराची फळे तोडणीला आली आहेत आणि रात्री चोरी होते. बागायतदाराची वर्षाची मिळकत झाडावर असते. त्याची भीती खोटी म्हणता येणार नाही. संशय मात्र पारधी बेड्यावरच्या सोळा वर्षांच्या मुलावर जातो. (उदाहरण कल्पित असले, तरी विदर्भातील वाचकाला ते अपरिचित वाटू नये.) बागायतदार म्हणेल, हा पूर्वग्रह नव्हे, सावधगिरी आहे. हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. पण बागेला कुंपण घालणे, राखणदार ठेवणे ही सावधगिरी चोर कोण याविषयी काहीच ठरवीत नाही. पूर्वग्रह चोर आधी ठरवतो आणि चोरीची वाट पाहतो. मुलगा निर्दोष ठरलाच, तर 'या खेपेला नसेल' एवढे म्हणून तो अबाधित राहतो. ज्याला खोटे पाडू शकेल असा पुरावाच संभवत नाही, त्याला अनुभवाचे नाव देणे हा ज्ञानव्यवहारातलाही अप्रामाणिकपणा आहे.

या तर्काला एके काळी कायद्याचे रूप होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच पुरावा मानला. १९२४ च्या एकत्रित कायद्यात सहा ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून वेगळी करून सुधारगृहात ठेवण्याची तरतूद होती. गुन्हेगार हा गुन्ह्याच्या आधीच अस्तित्वात असतो, अशी धारणा आधुनिक दंडव्यवस्थेने घडविली, असे फूकोने दाखवून दिले आहे; आपल्याकडे ती पाळण्यापर्यंत पोहोचली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. तरीही, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये, सुकन्या शांता प्रकरणात, पोलिसांना बजावावे लागले.

भीती एकाच बाजूला नसते. याच कायद्याने डागलेल्या दुसऱ्या एका जमातीतून आलेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) मध्ये, मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर वस्तीतील पोरांना जुलाब-वांत्या होतात आणि जातपंच त्याचा दोष शाळेला देतात. हा प्रसंग सहसा अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून शिकविला जातो. वस्तुतः पंच आणि पोलीस येथे एकच गोष्ट करीत आहेत: मुलाने उद्या काय व्हावे हे दोघांनी आजच ठरविले आहे.

आपली समीक्षा या व्यवहारातून मुक्त आहे काय? 'उपरा' (१९८०) आणि 'उचल्या' यांचे वाचन आपण 'अस्सल अनुभव', 'दाहक वास्तव' या पदांनी केले. सहानुभूती होती, संकोचही होता. पण संहितेला दस्तऐवज ठरविले की लेखक साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराने जे घडले तेवढेच सांगायचे असते. त्याने पुढे प्रेमकविता लिहिली किंवा तर्कशास्त्रावर ग्रंथ लिहिला, तर आपण किंचित नाराज होतो. ही नाराजी आणि बागायतदाराचा संशय यांत प्रतीचा फरक आहे, जातीचा नाही.

फासेपारधी समाजातील मतीन भोसले यांनी २०१२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे मुलांसाठी शाळा सुरू केली आणि तिला 'प्रश्नचिन्ह' असे नाव दिले. भोसले, पवार, चव्हाण ही आडनावे पारध्यांत आहेत तशी मराठ्यांतही. हजेरीपटावर मूल ओळखू येत नाही. ओळखू येते ते पत्ता विचारल्यावर. 'बेडा' म्हणायचे की नुसते गावाचे नाव सांगायचे, हे त्या मुलाला दर वेळी ठरवावे लागते. तो गावाचेच नाव सांगत असेल, तर त्याला असत्य म्हणण्याचा अधिकार प्रश्न विचारणाऱ्याला कोणी दिला?