पाठीमागचा दिवा

मिरजेत थंडी आधी कानांना कळते, मग वर्तमानपत्रांना. दिवाळी उलटली की कानटोप्या बाहेर पडतात आणि ओळखीचा माणूस दुचाकीवरून मफलरच्या गाठोड्यासारखा निघून जातो. याच सुमारास साखर कारखाने पेटतात. मग उन्हाळा लागेपर्यंत रस्ता उसाचा. आपण आपले कडेकडेने जायचे.

पहाटे कृष्णाकाठचे धुके अंकलीच्या पुलावर चढते. अशा वेळी काही शूर लोक मोठा दिवा लावतात. पण धुक्याचे कण तो उजेड न वटलेल्या चेकसारखा आपल्याच तोंडावर परत पाठवतात. दिवा खालीच ठेवलेला बरा.

आता थोडा बी.कॉम.चा हिशेब. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 17 मीटर. समोर काही आहे हे डोक्याला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. (आमच्या बँकेत कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला जो वेळ लागतो, त्या मानाने ही चपळाईच!) दिसते आहे 20 मीटर, तर 17 नुसत्या निरोपात खर्च, शिल्लक तीन. वेग निम्मा केला की निरोपाचे अंतर निम्मे होते आणि ब्रेकचे चक्क चौथाई. म्हणजे जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल, इतकेच पळावे. हे झाले मागच्याचे कर्तव्य.

पण पुढच्याचे काय? गेल्या हंगामात चहाच्या टपरीवर एका उसाच्या गाडीवानाला मी विचारले, "मामा, गाडीला मागं काहीच नाही? निदान रेडियम तरी लावा."

"साहेब, मला म्होरचं समदं दिसतंय. मागचं घेऊन मी काय करू?"

मी निरुत्तर झालो. सगळ्या स्वार्थाचे तत्त्वज्ञान त्याने बिडी पेटवता पेटवता दोन वाक्यांत सांगितले होते. आणि स्वार्थ तरी कसला? मागून कोणी आदळला तर गाडी त्याची, बैल त्याचे, आणि वर बसलेली बायकापोरेही त्याचीच.

त्या लाल पट्टीला आपण रेडियम म्हणतो. तिच्यात रेडियम नावालाही नसते. स्वतःचा उजेडही नसतो. ज्याने उजेड टाकला त्यालाच ती तो परत देते, बस्स.

एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही चालूच राहतो. सुरुवातीला मिरज ते सांगली दहा किलोमीटरांत दहा भले लोक पंजा उघडमीट करून "दिवा चालू आहे!" असे बजावायचे. दिवा आपल्याला दिसावे म्हणून, एवढेच आपल्याला ठाऊक. आपण दुसऱ्याला दिसावे म्हणूनही तो असतो, हे पटायला वेळ लागला.

कर्जाला जामीन राहणारा माणूस सही करण्यापूर्वी मला हमखास विचारतो, "यात माझा काय फायदा?" कायद्याने काहीच नाही. मागचा दिवा हा तसलाच जामीनदार: खर्च आपल्या नावे, जमा अनोळखी माणसाच्या खाती. मी त्याला खरे तेच सांगतो आणि चहा मागवतो. बिचाऱ्या मागच्या दिव्याला तेवढेही मिळत नाही.