मुखवटा कोणता, चेहरा कोणता?

अतिमानवी शक्ती लाभलेल्या नायकाला साध्या माणसाचे दुसरे आयुष्य कशासाठी हवे, हा प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे. जो आकाशात उडू शकतो त्याने वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून बातम्या का खरडाव्यात? आमच्या नववीच्या वर्गात एका मुलाने हे विचारले, तेव्हा मागच्या बाकावरून लगेच उत्तर आले, "सर, नहीं तो दुश्मन घरवालों को पकड़ लेंगे!" उत्तर चूक नाही. पण ते लपण्याचे कारण झाले, माणूस असण्याचे नव्हे.

सुपरमॅन वाचकांसमोर आला 1938 साली. त्याचे जनक जेरी सीगल आणि जो शूस्टर हे क्लीव्हलँडचे दोन तरुण, दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. त्यांचा नायक परग्रहावरून आलेला. कथेत पुढे त्याला काल-एल असे जन्मनाव मिळाले, पण जगात वावरायचे नाव मात्र क्लार्क केंट. हे नाव ऐकून कोणी घरमालक दार लावून घेणार नाही! कामाच्या ठिकाणी 'राजू' किंवा 'पप्पू' होऊन वावरणारे कारागीर आमच्या वाचकांनी पाहिलेले आहेत. त्यांना यातली मेख समजावून सांगायला नको.

तरीही क्लार्क केंटविषयी आम्हाला फारशी माया वाटत नाही. त्याचा चष्मा, त्याचा भित्रेपणा, त्याची धांदल हे सारे नाटक आहे. तो माणसाची नक्कल करतो आणि त्या नकलेत माणूस म्हणजे घाबरट, बावळट प्राणी ठरतो. आम्ही लहानपणी दूरदर्शनवर ज्याच्यावर जीव टाकला त्या शक्तिमानचा गंगाधरही याच साच्यातला, पुढे आलेल्या दातांचा. अलिफ लैलातला खलिफा हारून रशीद रात्री वेष पालटून बगदादच्या गल्ल्यांतून हिंडतो. रयतेचे हाल त्याला कळतात. पण पहाटे महाल आहेच. क्लार्कचेही तसेच आहे. चष्मा काढला की हाल संपले.

पीटर पार्करचे तसे नाही. 1962 साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी निर्माण केलेला हा स्पायडरमॅन म्हणजे चुलता-चुलतीने वाढवलेला अनाथ शाळकरी पोर. अंगात शक्ती आल्यावर तो आधी पैसा आणि नाव कमवायला निघतो. समोरून पळणारा चोर 'आपले काय जाते' म्हणून जाऊ देतो. पुढे तोच चोर त्याच्या चुलत्याचा जीव घेतो. तेव्हापासून दुसऱ्याचे संकट ही त्याच्या घरातली गोष्ट झाली. घरभाडे, चुलतीचे आजारपण यांतले काहीही भिंतीवर चढून सुटत नाही. त्याला बदनाम करणाऱ्या वर्तमानपत्रालाच तो स्वतःचे फोटो विकतो, कारण चूल पेटली पाहिजे. हा माणूस मुखवटा नव्हे. तो वजा केला तर उरतो तो भिंतीवर चढणारा एक तमासगीर.

त्याच वर्षी आलेल्या थोरची कथा आम्हाला खटकते. या देवपुत्राचा गर्व उतरावा म्हणून बाप ओडिन त्याला लंगड्या डॉक्टरचे रूप देतो, असा खुलासा पुढे होतो. म्हणजे माणूस होणे ही सजा! वर्गात नम्रता शिकवण्यासाठी कुणाला कोपऱ्यात उभे करणाऱ्या शिक्षकाची ही रीत आहे.

मग सारी लपवाछपवी टाकूनच द्यावी, असे कोणी म्हणेल. 2008 च्या चित्रपटात आयर्नमॅन पत्रकारांसमोर आपली ओळख उघड सांगून टाकतो. पण तो कारखानदार आहे, अब्जाधीश आहे. नाव उघड करण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, म्हणून लपवणाऱ्याला सरसकट खोटारडा म्हणणे आम्हाला जमत नाही.

या संदर्भात कमला खान आम्हाला सर्वांत जवळची वाटते. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबाची ही मुलगी 2013 साली अवतरली आणि 2014 मध्ये तिचे स्वतंत्र मासिक निघाले. संपादिका सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन. शक्ती मिळताच ही पोर कशी दिसू लागते? गोरी, सोनेरी केसांची, तिच्या आवडत्या नायिकेसारखी. नायिका म्हणजे आपल्यासारखी नसणारी, हे तिच्या मनात कुठेतरी पक्के बसलेले असते. त्याच परक्या चेहऱ्याने ती एका बुडणाऱ्या मुलीला वाचवते. तिला छळणाऱ्यांतलीच ती मुलगी! पण त्या वेळी आठवते ती अब्बांनी ऐकवलेली, एक जीव वाचवण्याविषयीची कुराणातली आयत. धाव घेणारी कमलाच होती, सोनेरी केस उगाच वर चढले होते. हळूहळू ती ते रूप सोडते, पोहण्याच्या बुर्किनीतून स्वतःचा पोशाख बनवते आणि आपल्याच सावळ्या चेहऱ्यावर छोटासा मुखवटा बांधून बाहेर पडते.

तो मुखवटा जगासाठी. घरात वेळेवर परतण्याची ताकीद आणि अम्मीचा ओरडा काही चुकत नाही. पुढे 2015 मध्ये, शहरावर मोठे संकट आलेले असताना, ती धीर करून अम्मीला आपले गुपित सांगायला जाते. अम्मीला ते आधीपासूनच ठाऊक असते.